तारे तर गोल होते

मी धूमकेतू बघायची नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नक्की काय करायचात?" श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, बँकेत हयातीचा दाखला देताना, सगळीकडे हाच प्रश्न. पूर्वी मी लांबण लावून सांगत असे. आता "दुर्बिणीवर ड्रायव्हर होतो" एवढंच सांगतो आणि लोकांचं समाधान होतं.

ते खोटंही नाही. पारनेरच्या वरच्या अंगाला, पवनचक्क्यांच्याही पलीकडे, एका पठारावर एका संस्थेची छोटी वेधशाळा आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती संस्थेची नाही, माझी आहे. शास्त्रज्ञ पुण्यात असत, दुर्बीण पठारावर असे आणि दोघांच्या मधे मी. संध्याकाळी पुण्याहून वैद्य मॅडमची मेल यायची, आज अमुक धूमकेतू, इतक्या वाजता, इतके फोटो. घुमट उघडायचा, दुर्बीण रोखायची, फोटो घ्यायचे आणि वहीत नोंद करायची. मॅडम वर्षातून चार-पाच वेळा वर येत. बाकीचे दिवस मी, एक वॉचमन आणि वारा. वॉचमनही नऊला जेवून झोपायचा.

खगोलशास्त्रातले लोक दुर्बिणीला डोळा लावून बसतात, असा सर्वांचा समज असतो. डोळा कोणीच लावत नाही. दुर्बिणीच्या टोकाला कॅमेरा असतो आणि आपण शेजारच्या खोलीत स्वेटर, मफलर घालून पडद्याकडे बघत बसतो. वर्षानुवर्षं आकाशाखाली नोकरी करून मी आकाश बघितलं ते मुख्यतः लघवीला बाहेर पडलो तेव्हा.

धूमकेतूंची एक खोड असते. ते सूर्याच्या जवळ आले की चांगले उजळतात, पण सूर्याजवळ म्हणजे क्षितिजाजवळ. म्हणून एक तर मावळतीनंतर घाईघाईने बघायचे, नाही तर पहाटे, फटफटायच्या आत. हातात जेमतेम पाऊण तास. आणि दुसरी खोड म्हणजे ते स्वस्थ राहत नाहीत. ताऱ्यांमधून हळूहळू सरकत असतात. दुर्बीण ताऱ्यांच्या चालीने चालवली तर धूमकेतू फरपटल्यासारखा उमटतो. म्हणून दुर्बिणीला धूमकेतूची चाल शिकवायची. मग फोटोत उलटं होतं, धूमकेतू गोल येतो आणि तारे लांबट, रेघा ओढल्यासारखे. आमच्या धंद्यात रेघांचे तारे आणि गोल धूमकेतू दिसला की काम बरोबर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कधी फोटोऐवजी वर्णपट घ्यायचा असे. धूमकेतूचा उजेड एका बारीक फटीतून आत घ्यायचा आणि त्याचा पट्टा पसरायचा. पट्ट्यातल्या खुणांवरून त्यात कोणकोणते वायू आहेत ते कळतं. हे मला पहिल्याच दिवशी समजलं, कारण माझे वडील पिंजारी होते. चिमूटभर कापूस बोटांनी ओढून, उजेडात धरून ते सांगायचे, हा अमक्या गावचा, ह्यात जुना मिसळलाय. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रफिकभाई, मी दोन तास वर्गात बोलते, तरी मुलांना इतकं कळत नाही." माझी मान तेव्हा जरा ताठ झाली होती, हे कबूल करतो.

पठारावर येणाऱ्या माणसांचे नमुनेही कमी नव्हते. एकदा निवडणुकीच्या तोंडावर एक पुढारी चार गाड्या घेऊन आले. सगळ्यांना बाहेर ठेवून एकटे आत आले आणि हळूच म्हणाले, "शेपटीवाला तारा आलाय म्हनत्यात. मतदानाच्या आदी जाईल का न्हाई?" मी म्हटलं, "साहेब, तो दोन्ही पार्ट्यांना सारखाच दिसणार आहे." त्यांना ते पटलं नाही. निवडून मात्र आले. पुढच्या वेळी त्यांनी विचारणा केली, तसला एखादा परत कधी येणार आहे?

आणखी एक, खालच्या रस्त्यावरच्या लॉन्सचे मालक. लग्नात आभाळात फिरणारा झोत लावायचे, तो थेट आमच्या घुमटावरून जायचा. मी मोटारसायकलवर उतरून विनंती करायला गेलो की ते प्रेमाने पानावर बसवायचे. "आदी जेवा, मग बोलू." जेवण होईपर्यंत धूमकेतू मावळलेला असे. त्या लॉन्सपायी मी किती लग्नं जेवलो याची गणती नाही, आणि त्यातल्या एकाही नवरा-नवरीचं नाव मला ठाऊक नाही.

हसण्यासारखं एवढंच. बाकी सगळं एकट्याचं. बायको आणि मुलं शाळेसाठी श्रीरामपुरात राहिली. मी पंधरा दिवसांनी जायचो आणि दिवसा झोपायचो. आमच्या वहीत वेळ जगाच्या घड्याळाची लिहितात, त्यामुळे आमची तारीख मध्यरात्री बदलत नाही, पहाटे साडेपाचला बदलते. बायको सकाळी फोनवर "आज काय तारीख?" असं मुद्दाम विचारायची, आणि मी झोपेत कालचीच सांगितली की हसायची. पुढे पुढे विचारायचं तिने सोडून दिलं. मुलांचे वाढदिवस मला एक दिवस उशिरा आठवायचे. माणसांच्या तारखेत राहायची माझी सवयच मोडली होती. खोलीच्या मागे बिबट्याच्या पावलांचे ठसे दिसले, त्या दिवशी भीती वाटली, पण त्याआधी क्षणभर बरं वाटलं होतं. कोणीतरी येऊन गेलं होतं.

आता वडिलांबद्दल सांगतो.

आमचं गाव नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठी. वडील, दगडूभाई पिंजारी, कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या भरत फिरायचे. घरी आम्ही दखनी बोलतो, पण आयुष्य गिऱ्हाइकांच्या ओसरीवर गेल्यामुळे अब्बा बोलायला लागले की मराठीच निघायची. शाळेत ते गेले नव्हते. पण गावात एका गोष्टीसाठी त्यांना मान होता. ईदचा चाँद सगळ्यांत आधी त्यांना दिसायचा. एकोणतिसाव्या रोज्याला, मगरिबच्या, म्हणजे मावळतीच्या नमाजानंतर मशिदीच्या छतावर सगळे जमायचे आणि पश्चिमेकडे न बघता आधी अब्बांकडे बघायचे.

आभाळ धुरकट असेल तर निदान दोन माणसांची गवाही लागते. एकट्याच्या सांगण्यावर ईद होत नाही. मी आठेक वर्षांचा असताना एकदा असं झालं की अब्बांना चाँद दिसला आणि दुसऱ्या कोणालाच दिसेना. पोराची नजर तेज असते म्हणून मौलानांनी मला पुढे बोलावलं. अब्बांनी माझी मान धरून दिशा दाखवली. "त्या बाभळीच्या शेंड्यावर, दोन बोटं डावीकडं. दिसला?" मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहिलं. सगळं छत माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी म्हणालो, "न्हाई दिसला." ईद एक दिवस पुढे ढकलायचं ठरलं. सकाळी श्रीरामपूरहून निरोप आला की तिकडे चाँद दिसलाय, तेव्हा गावाने अर्धवट राहिलेल्या तयारीत ईद केली आणि सगळ्यांनी मला फैलावर घेतलं. अब्बा तेवढे म्हणाले, "पोरगं बराबर हाय. दिसला न्हाई तर न्हाई म्हनायचं. दिसला तर मग कुनाच्या बापाला भ्यायचं न्हाई."

यातला पहिला भाग मी जन्मभर पाळला. माझ्या नोंदी चोख असत. मॅडम म्हणायच्या, रफिकभाईंच्या वहीत लिहिलंय म्हणजे तपासायची गरज नाही.

माझ्या निवृत्तीच्या सात-आठ वर्षं आधी अब्बांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरला झालं. डॉक्टरांनी महिनाभर कापसाच्या धुरळ्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. घरात राहिले तर ते पिंजायला बसणारच, म्हणून मी त्यांना पठारावर घेऊन आलो. रमजान लागायला आठ दिवस होते. पठारावर त्यांनी पहिल्याच दिवशी माझी गादी उसवली, आतला कापूस बघून तोंड वाकडं केलं आणि परत शिवून टाकली.

त्या दिवसांत एक धूमकेतू पहाटे दिसत होता. फार मोठा नव्हे, पण मॅडमच्या कामाचा. अब्बा फजरच्या, पहाटेच्या नमाजाच्या आधी उठतच. चौथ्या पहाटे ते घुमटात येऊन उभे राहिले. "रोज कुनाला बगतोस त्ये तरी दाव." माझे फोटो घेऊन झाले होते, पूर्वेला जरासं फटफटायला लागलं होतं. मी कॅमेरा काढला आणि बघायचं भिंग बसवलं. नोकरीत हे मी पाहुण्यांसाठी चार-दोन वेळाच केलं असेल. ताऱ्यांच्या रेघा फोटोतच उमटतात, भिंगातून तारे टिपक्यांसारखेच दिसतात.

अब्बांनी उजवा डोळा लावला. मग म्हणाले, "ह्यो तर पिंजल्याला कापूस हाय."

"तसाच दिसतो, अब्बा."

"पन सुटाय लागलाय. सूत काढताना पेळू बग हाताला नीट बसला न्हाई की कसा मदीच लांबतो आन तुटतो, तसा. मदला गड्डा लांबलाय."

मी पडद्यावर नुकतेच घेतलेले फोटो उघडले. खरोखरच, धूमकेतूचा मधला भाग गोल नव्हता. लांबुळका आला होता. मला काय वाटलं, ते खरं खरं लिहितो. मला वाटलं, मी दुर्बिणीला चाल चुकीची शिकवली. आमच्या धंद्यात लांबलेला धूमकेतू म्हणजे ड्रायव्हरची चूक, दुसरं काही डोक्यात येतच नाही. मॅडमना काय सांगू, या विचारानेच माझं तोंड कडू झालं. आणि त्या कडूपणात मी अब्बांना म्हणालो, "तुमच्या डोळ्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय. त्या डोळ्याला काहीही लांबट दिसणार. त्यावर विश्वास ठेवू नका."

त्यांनी परत एकदा डोळा लावला. "डोळ्याचा दोस असंल तर समदंच लांबट दिसंल की रं. बाजूचे तारे तर गोल हायेत. टिपक्यावानी. ह्योच येकटा लांबलाय."

"अब्बा, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही."

ते भिंगापासून बाजूला झाले. खांद्यावरचा टॉवेल नीट केला. म्हणाले, "व्हय, ते बी खरं हाय," आणि नमाज पढायला निघून गेले.

मी वहीत लिहिलं: 'ट्रॅकिंग सदोष. चित्रे बाद.' बाद चित्रं शनिवारी पुसून डिस्क रिकामी करायची, असा नियम होता. शनिवारी मी ती पुसली. पुढचे काही दिवस आभाळ झाकलेलं होतं. रमजान गावात धरायचा म्हणून अब्बा परत गेले.

दोन आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. परदेशातल्या एका वेधशाळेने कळवलं होतं की त्या धूमकेतूचं केंद्रक, म्हणजे मधला गड्डा, फुटलंय. तुकड्यांची चाल मागे मोजत नेली तर फुटायची सुरुवात त्या पहाटेच्या आसपास निघत होती. "रफिकभाई, त्या पहाटे आपण फोटो घेतले होते ना? जगात दुसऱ्या कोणाकडे त्या दिवसाचे नसावेत."

"घेतले होते मॅडम. बाद केले."

"पुसले?"

"पुसले."

त्या म्हणाल्या, "असू दे. मीही तुमची नोंद वाचली होती, आणि मीही विचारलं नाही." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोन ठेवल्यावर मला ते फोटो मनात जसेच्या तसे दिसायला लागले. ताऱ्यांच्या रेघा उभ्या होत्या. धूमकेतू आडवा लांबला होता. चाल चुकली असती तर तोही त्याच रेघांच्या दिशेने लांबला असता. शिकाऊ माणसालाही कळावं इतकं ते स्पष्ट होतं. मी चूक शोधण्यात इतका गढलो की दिसत होतं ते पाहिलंच नाही. आणि शाळेत न गेलेल्या माझ्या बापाने, ऑपरेशनला महिनाही झाला नसताना, डोळ्याचा दोष कसा तपासायचा तेही मला सांगितलं होतं. बाजूचे तारे बघ म्हणाले होते.

मॅडमना मी अब्बांबद्दल सांगितलं नाही. लाज वाटली. अब्बांनाही फोन केला नाही. ईदला जाणारच आहे, तेव्हा सांगू, म्हणून ठेवलं.

एकोणतिसाव्या रोज्याला मी गावात पोचलो. छतावर माणसं जमली होती. क्षितिजावर उसाच्या पाचटाचा धूर होता. अब्बा कडेला बसून होते. नव्या मौलानांनी हाक मारली, "दगडूचाचा, या की पुढं."

अब्बा उठले नाहीत. हसून म्हणाले, "आता माज्यावर नका जाऊ. डोळ्यात बिगाड झालाय. माजा पोरगा शिकल्याला हाय, मोठ्या दुर्बिनीवर हाय, त्योच म्हनला, भरवसा ठिवू नका म्हनून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षांचा असताना पाहिलं होतं तसंच. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की माझं चुकलं, अब्बांचा डोळा खरा आहे. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण चाळीस माणसांसमोर आपण धूमकेतू हुकवला हे सांगायचं जिवावर आलं, आणि मी मान खाली घातली. चाँद त्या दिवशी कोणालाच दिसला नाही. होता की नव्हता, मला माहीत नाही, कारण अब्बांनी पाहिलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांच्या खाटेशी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. तुकडे, परदेशातली बातमी, पुसलेले फोटो. ते सुपारी कातरत ऐकत होते.

"म्हंजी फुटला त्यो."

"फुटला."

"मला दिसलंच हुतं की. मला कशापायी सांगतोस?" अडकित्ता त्यांनी बाजूला ठेवला. "वहीत लिवलंस का?"

"अब्बा, वहीतली नोंद बदलता येत नाही."

हे अर्धंच खरं होतं. खोडता येत नाही. पण एक रेघ मारून, जुनं अक्षर वाचता येईल असं ठेवून, शेजारी नवं लिहून, सही करता येते. नियमच तसा आहे. त्यासाठी फक्त मॅडमना सांगावं लागलं असतं की माझ्या बापाने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.

अब्बा म्हणाले, "बराबर. न्हाई बदलत तर न्हाई," आणि कूस वळले.

त्यानंतर ते छतावर कधीच गेले नाहीत. आणखी दोन ईदी त्यांनी घरात बसून लोकांच्या गवाहीवर केल्या. दुसऱ्या ईदनंतरच्या थंडीत ते गेले. निरोप आला तेव्हा मी घुमटात होतो आणि फोन खोलीत वाजत होता. मी गावात पोचेपर्यंत माती झाली होती. कोणीतरी त्यांची धनुकली ओट्याला टेकवून ठेवली होती. तिच्या तातीला, ताणलेल्या दोरीला, कापसाचे चार तंतू अजून चिकटलेले होते. तिच्याशेजारी मी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मॅडम मुद्दाम पुण्याहून आल्या. शाल, नारळ, पेढे, वॉचमनच्या हातचा चहा, सगळं झालं. मग मी कपाटातून ती जुनी वही काढली आणि त्यांच्यासमोर उघडली. सगळं सांगितलं. मॅडमनी पर्समधून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं.

'ट्रॅकिंग सदोष' वर मी एक रेघ मारली. जुनं अक्षर वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: 'ट्रॅकिंग ठीक होते. केंद्रक लांबलेले, फुटण्याच्या बेतात. भिंगातून बाजूचे तारे गोल. चित्रे उपलब्ध नाहीत. निरीक्षक: दगडू इमाम पिंजारी.' खाली तारीख घातली, जगाच्या घड्याळाची नाही, आपल्या घरातली.

मॅडमनी वाचलं. मग अगदी कामाच्या आवाजात म्हणाल्या, "चित्रं नसली तर एकट्या निरीक्षकावर नोंद धरता येत नाही, रफिकभाई. दुसऱ्या कोणाला दिसलं होतं का?"

मी म्हणालो, "मला दिसला होता," आणि सही केली.